जावळाचे घोंगडे

माझ्या परिचयाचे एक प्राध्यापक जुनी नाणी जमवितात. दुसऱ्या एका स्नेह्यांना ग्रंथांच्या पहिल्या आवृत्त्यांचा नाद आहे. मजपाशी असला कोणताही संग्रह नाही, याबद्दल ते दोघेही मनातून माझी कीव करीत असावेत. मला छंद म्हणून काही असेलच, तर तो सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील गावे आणि त्यांचे आठवड्याचे बाजार हिंडण्याचा. या हिंडण्यात हाती लागलेल्या वस्तू काचेच्या कपाटात मांडून ठेवता येत नाहीत. त्यांतील काही खाऊन संपतात, काही उगाळून झिजतात, आणि एक तर अशी आहे की, अंगावर घेतल्यावाचून तिचा गुणच कळत नाही. तथापि मोगलांच्या एखाद्या रुपयावरून बोट फिरविताना माझ्या स्नेह्याच्या मुद्रेवर जी प्रसन्नता दिसते, ती आरशात पाहिली तर अशा एखाद्या बाजारातून परतताना माझ्याही मुद्रेवर सापडेल, याविषयी मला शंका नाही.

एक खुलासा आरंभीच केलेला बरा. अलीकडे साबणापासून शेवयांपर्यंत सर्व वेष्टनांवर ‘नैसर्गिक’ हा शब्द छापलेला असतो, आणि तो वाचताच आपल्या सुशिक्षित घरांतील मंडळी निःशंक होऊन पाकिटात हात घालतात. मला त्या शब्दाचे मुळीच अप्रूप नाही. विंचवाचे विषही नैसर्गिकच असते. यंत्रांचाही मी वैरी नव्हे. ज्या भागात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर घरोघर गेला, तेथील माणसाने यंत्राला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. माझे प्रेम काही थोड्या वस्तूंवर आहे, आणि त्या मला का आवडतात हे मी त्यांच्याविषयी बोलता बोलताच सांगू शकेन.

कृष्णा जेथे उगम पावते तेथूनच सुरुवात करू. महाबळेश्वराच्या रानातला मध आमच्या घरी पुष्कळ वर्षे येतो आहे. त्याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तेव्हापासून वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांनाही ते ठाऊक झाले आहे. तेथे लाकडी पेट्यांतून सातेरी मधमाश्या पाळतात. जांभळाच्या मधाला किंचित कडवट झाक असते, हिरड्याचा मध निराळा लागतो, आणि कारवीचा तर सात-आठ वर्षांनी एकदा डोंगर फुलतो तेव्हाच मिळावयाचा. एका शेजारीणबाईंना मी हौसेने एक बाटली आणून दिली होती. थंडीत तो मध रवाळ होऊन गोठला, तेव्हा त्यांनी ‘यात साखर आहे हो’ म्हणून ती सौजन्यपूर्वक परत केली. वस्तुतः मधातील द्राक्षशर्करेचे स्फटिक होणे हा त्याचा स्वभावच आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. बाईंना हे मी सांगितले, पण त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. दुकानातील बाटलीतला मध बाराही महिने एकसारखा, एकाच रंगाचा आणि एकाच चवीचा असतो, आणि आता तोच आपल्याला खरा वाटू लागला आहे. परत आलेली बाटली आम्ही आठ दिवसांत फस्त केली.

तीच कृष्णा वाई, कऱ्हाड मागे टाकून सांगलीस येते, तेव्हा तिच्या काठची काळी जमीन हळदीची होते. माघाच्या सुमारास त्या बाजूला गेले, म्हणजे काहिलीत शिजणाऱ्या हळदीचा वास दुरूनच येतो. शिजलेली हळद पुढे पंधरा-पंधरा दिवस उन्हात वाळत पडलेली असते, आणि मग ढोलात घोळून तिची साल काढली की ओळखीचे पिवळेधमक हळकुंड तयार होते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु सांगलीकराला विचाराल तर तो मानांकनाचे सांगणार नाही, हरिपूरच्या पेवांचे सांगेल. नाटककार देवलांचे जन्मगाव म्हणून आपण ज्या हरिपुराला ओळखतो, तेथे कृष्णा-वारणेच्या संगमापाशी जमिनीत ही पेवे खणलेली होती. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे आणि पोट खोलीएवढे. आत पाल्याचा थर द्यावयाचा, हळद भरावयाची आणि तोंड मातीने लिंपून टाकावयाचे. त्या ठिकाणच्या मातीचा गुण असा की, वर्षानुवर्षे हळदीला कीड लागत नसे. पेव उघडल्याबरोबर मात्र आत उतरावयाचे नाही. कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते. ती निघून जाईपर्यंत धीर धरावा लागतो. २००५ च्या महापुराचे पाणी या पेवांत शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ती व्यवस्था पार विस्कटून गेली. २०१९ साली कृष्णा पुन्हा तशीच कोपली. आता बहुतेक हळद शीतगृहात राहते, आणि राहो बापडी; तेथे ती सुरक्षित आहे हे मला मान्य आहे.

आमच्या घरी हळदीची पूड विकत आणीत नाहीत. मी हळकुंडे आणतो. ती फोडून आत पाहिले की केशरी गर दिसतो, आणि गिरणीत डोळ्यांदेखत दळून आणली म्हणजे मनाला घोर नाही. पुडीत काय काय मिसळता येते, याची यादी लांबलचक आहे. शिशाच्या क्रोमेटासारखा विषारी पिवळा रंग हळदीला चोळल्याची उदाहरणे आपल्या उपखंडात उघडकीस आलेली आहेत. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणाऱ्या माणसांची आपण थट्टा करतो. या क्रोमेटाने तर हळकुंडालाच खोटे पिवळे केले आहे. पाच-सहा हळकुंडे देवघराजवळच्या डब्यात वेगळी ठेवलेली असतात. नातीच्या गुडघ्याला खरचटले किंवा कोणाचा पाय मुरगळला की त्यांतले एक सहाणेवर येते. लेपाने किती गुण येतो आणि उगाळणाऱ्या आजीच्या बोलण्याने किती, याचा निवाडा मी वैद्यांवर सोपवितो.

हळदीच्या याच शेतांतून माझी तिसऱ्या आणि सर्वांत लाडक्या वस्तूशी ओळख झाली. उन्हाळ्यात कृष्णाकाठी रिकाम्या रानात मेंढरे बसविलेली आपण सर्वांनीच पाहिली आहेत. रात्रभर मेंढरे बसली की लेंड्यांचे खत जमिनीला मिळते, आणि शेतकरी धनगराला धान्य किंवा पैसे देतो. हे धनगर पुष्कळदा माणदेशातून आलेले असतात. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. एवढ्याशा पाण्यावर कुसळे उगवतात आणि कुसळांवर मेंढरे जगतात. पावसाळा सरला की ती कळपाकळपांनी गवत-पाण्याच्या शोधात निघतात. अशाच एका वाड्यावर मी प्रथम खरे घोंगडे जवळून पाहिले. अवकाळी पावसाची सर आली, आणि म्हाताऱ्या धनगराने घोंगड्याची खोळ करून डोक्यावरून सोडली. पाणी वरच्या वर ओघळून जात होते. लोकरीतील नैसर्गिक स्निग्धता पाण्याला सहजासहजी आत शिरू देत नाही. मात्र एकदा का ते भिजले की चार चार दिवस वाळण्याचे नाव नाही. आपल्या भाषेतले ‘भिजत घोंगडे’ आले ते येथूनच. (विद्यापीठाच्या समित्यांवर काम केलेल्या माणसाला या वाक्प्रचाराचे अधिक स्पष्टीकरण नको.)

पुढे घोंगड्याच्या मागे मी म्हसवडच्या बाजूला गेलो. तेथील घोंगडी आणि जेने पूर्वीपासून नाणावलेली. एका गावी मला एक सणगर भेटले. वय सत्तरीच्या घरात, माग जमिनीतल्या खड्ड्याचा. दिवसभर खड्ड्यात पाय सोडून बसावयाचे, त्यामुळे त्यांचे गुडघे धरलेले होते. घरातील बायकांनी लोकर पिंजून चरख्यावर कातावयाची, मग उभे सूत सकाळच्या उन्हात गल्लीभर ताणून त्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने पाजावयाची, आणि मग ते मागावर चढवावयाचे. या खळीमुळेच नवे घोंगडे अंगाला काहीसे ताठ लागते; वापरता वापरता ते निवळते. काळे सूत काळ्या मेंढीचे, पांढरे पांढरीचे; रंगाचा डबा त्या घरात नव्हताच. एका मेंढीच्या एका कातरणीत लोकर निघते पाव-अर्धा किलो. म्हणजे एका घोंगड्यासाठी आठ-दहा मेंढ्या तरी हव्यात. आणि सर्वांत मऊ घोंगडे होते ते जावळाचे.

जावळ हा शब्द मी तोवर माणसाच्या पोरापुरताच ऐकला होता. कोकराची पहिली कातरण हेही जावळच. ते आयुष्यात एकदाच निघते, आणि निघते मूठभर. हातात घेतले तेव्हा मला माझ्या मुलीचे जावळ काढले तो दिवस आठवला. न्हाव्याच्या मांडीवर तिने केलेला आकांतही आठवला.

मी किंमत विचारली. ती ऐकून माझ्यासोबत आलेले एक स्नेही हळूच म्हणाले, “एवढ्यात यंत्रावरची चार ब्लँकेटे येतील.” म्हाताऱ्यांनी ते ऐकले असावे. त्यांनी मागावरच्या सुताचा एक तुकडा तोडला आणि काडी ओढून पेटविला. केस जळाल्याचा वास आला. राख चिमटीत धरताच तिची पूड झाली. मग स्नेह्यांच्या झोळीच्या दशीतला एक धागा मागून घेऊन तोही पेटविला. तो वितळला आणि त्याचा टणक काळा मणी झाला. भावाविषयी ते काही बोलले नाहीत. मला मात्र त्यांनी एक प्रश्न केला : “गुरुजी, पांघरणार हायसा, का भिंतीला लावणार?”

हा प्रश्न त्यांना का सुचला हे मला मागाहून कळले. त्यांची अलीकडची गिऱ्हाइके बहुतेक शहरातली. कोणी दिवाणखान्यात टांगण्यासाठी नेतात, कोणी सांधेदुखीवर रामबाण म्हणून नेतात आणि पंधरा दिवसांत सांधे सुटले नाहीत की रागावतात. ज्याच्यासाठी घोंगडे जन्मास आले तो धनगर आता ते घेत नाही. त्याच्या मुलाच्या अंगावर जाकीट असते आणि पावसात तो प्लॅस्टिकचा कागद पांघरतो. त्याला दोष देण्याचा मला अधिकार काय? पावसात अडीच किलोंचे ओझे मी वाहत नाही. मेंढीसुद्धा बदलत चालली आहे. जत तालुक्यातील माडग्याळची मेंढी अंगाने थोराड, मांसाला उत्तम, तिला भाव चांगला. लोकर मात्र तिच्या अंगावर नसल्यासारखीच. जुन्या दख्खनी मेंढीच्या लोकरीला कातरणीच्या मजुरीइतकाही भाव पुष्कळदा येत नाही, आणि कातरलेली लोकर बांधावर तशीच पडून राहते. म्हाताऱ्यांचा मुलगा या भागातील हजारो मुलांप्रमाणे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात दूर दक्षिणेत आहे. तो खड्ड्यात उतरणार नाही, आणि त्याने उतरावे असे बापालाही वाटत नाही. “माझं गुडघं गेलं, त्याचं कशाला?” एवढेच ते म्हणाले.

वर्गात विल्यम मॉरिसविषयी बोलताना मला हे गृहस्थ हटकून आठवतात. हातकामाचा कैवार घेणारा तो इंग्रज (१८३४–१८९६) समाजवादी होता, आणि त्याच्या कारखान्यातील पडदे व गालिचे विकत घेणे श्रीमंतांनाच परवडे; या विसंगतीने तो स्वतःही बेचैन असे. आमची स्थिती काही फार निराळी नाही. घोंगडे आज आमच्यासारख्यांच्या कौतुकावर जगते आहे, आणि कौतुक ही फार कमी दिवस टिकणारी लोकर आहे. भिंतीवर टांगलेले घोंगडे दुसरे घ्यावे लागत नाही. पांघरलेले झिजते, त्याच्या दशा सुटतात, कधी कसर लागते, आणि दहा-बारा वर्षांनी का होईना, माणूस पुन्हा मागापाशी येतो. म्हणून मी ओळखीच्या मंडळींना सांगत असतो की, घेणार असाल तर रोज अंथरा, कडुलिंबाचा पाला घालून ठेवा, धुवायचेच झाले तर रिठ्याच्या पाण्यात धुवा, आणि भावात घासाघीस करू नका. त्यांतले निम्मे लोक हसतात.

मी स्वतः घेतलेले घोंगडे सहा हिवाळे पांघरले आहे. पहिल्या वर्षी ते टोचे, म्हणून पत्नीने त्याला खोलीबाहेर ठेवण्याचा ठराव मांडला होता. आता थंडी पडली की तीच ते आधी उचलते. त्यामुळे गेल्या आश्विनात मी पुन्हा म्हसवडकडे गेलो. मुलगी दिल्लीस असते, तिच्यासाठी जावळाचे घोंगडे हवे होते. म्हाताऱ्यांनी तिची उंची विचारली आणि दोरीला तेवढ्यावर गाठ मारली; जावळ थोडे असते, त्यात वीतभरही वाया घालवावयाचे नाही. मी आगाऊ पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. “लोकर तरी येऊ द्या आधी. काळी कोकरं आता दोन-तीन वाड्यांवरच राहिल्यात.”

परवा मार्गशीर्षात त्यांचा निरोप आला. आठ कोकरांचे जावळ जमले आहे. आणखी तितकेच हवे.