एका पट्टीवर दोन कॅमेरे

२ मार्च २०२५, रविवार. अक्कलकुवा

काठी गावची होळी तोंडावर आली. यंदा दोन्ही कॅमेरे एकाच पट्टीवर बसवायचे, हे मनाशी पक्कं केलं आहे. एकाला २४-७० ची लेन्स, दुसऱ्याला ७०-२०० ची. लग्नाच्या ऑर्डरीला दोन कॅमेरे दोन खांद्यांवर अडकवतो, मांडवात ते निभावतं. काठीच्या गर्दीत नाही. एक डोळ्याला लावला की दुसरा कमरेशी हेलकावे खातो आणि कुणाच्या कोपराला, कुणाच्या लेकराच्या डोक्याला लागतो. लेन्स तिथे बदलायची म्हटलं तर कॅमेऱ्याचं तोंड उघडावं लागतं. फाल्गुनात सातपुड्याची माती पिठासारखी सुटलेली असते, रात्रभर पाय नाचत असतात, पहाटे त्यात होळीची राख मिसळते. सेन्सरवर एक कण बसला की एफ ८ च्या पुढे प्रत्येक फोटोच्या आभाळात तोच डाग.

४ मार्च, मंगळवार

हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट घेतले. कॅमेऱ्याच्या पोटातलं भोक पाव इंची असतं, इंचाला वीस आटे. जगभर तेच. आपल्याकडे दोन सुताचा बोल्ट म्हणून मागितला की मिळतो, पण आटे मोजून घ्यावे लागतात. दुकानातल्या मुलाने आधी सहा मिलीमीटरचा काढून दिला. दिसायला तोच. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलीमीटर, आणि आट्यांमधलं अंतरही वेगळं. सहाचा बोल्ट दोन फेरे आत जातो, हाताला बसल्यासारखा वाटतो, आणि वजन पडलं की आटे खाऊन बाहेर येतो. दोन बॉडी आणि दोन लेन्स मिळून चार किलोच्या आसपास जातात. एवढं वजन त्या भरवशावर टांगायचं नाही.

६ मार्च, गुरुवार

खिडक्यांची ॲल्युमिनियमची कामं करणाऱ्या चाचांकडे दुपारभर होतो. सहा मिलीमीटर जाडीचा, चार इंच रुंदीचा तुकडा त्यांच्याकडे पडलेला होता. त्यांना वाटलं सरळ पट्टीला दोन भोकं पाडायची, दहा मिनिटांचं काम. मी कॅमेरे काढून टेबलावर ठेवले, तेव्हा खरी अडचण त्यांच्या लक्षात आली. लांब लेन्सचा भार बॉडीच्या स्क्रूवर टाकत नाहीत. लेन्सलाच कडं असतं, त्या कड्याचा पाय पट्टीवर बसतो. म्हणजे त्याचं भोक पुढच्या कडेला हवं आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचं मागच्या कडेला. शिवाय पायामुळे लांब लेन्सवाला कॅमेरा उंच बसतो. दुसऱ्याखाली ठोकळा दिल्याशिवाय दोन्ही व्ह्यूफाइंडर एका पातळीत येत नाहीत. डोळा एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत आडवा सरकला पाहिजे. मान खाली-वर करावी लागली तर एवढा खटाटोप कशासाठी?

"भाऊ, हा फिरणार," चाचा म्हणाले. त्यांनी एक बोल्ट कसून कॅमेऱ्याचं नाक दाबून दाखवलं. एका बोल्टावर बसलेली वस्तू कितीही आवळा, पुढून भार आला की हळूहळू वळते. त्यांनी मागच्या कडेला एल अँगलची बारीक कड रिव्हेट केली. बॉडीची पाठ आता तिला टेकते. मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा. बोल्ट वर पाच मिलीमीटरच्या आत निघेल असे कापले, जास्त लांब असले तर कॅमेऱ्याच्या तळाला रेटतात. मधल्या भागात खिडकी कापून पट्टीचं वजन कमी केलं. दोन कॅमेऱ्यांमध्ये चार बोटं मावतील एवढी फट ठेवली, कारण डाव्या कॅमेऱ्याची मूठ नेमकी त्या फटीत येते. खाली मोनोपॉडसाठी तीन सुताचा आटा.

कॅमेरा हातात न धरणाऱ्या माणसाने ही वळणाची गोष्ट बोटाने दाबून ओळखली, याचं मला फार कौतुक वाटलं. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' आला. आपल्याकडच्या छायाचित्रणाच्या पायात कानशी आणि लेथवर चाललेले असे हात आहेत.

९ मार्च, रविवार

गच्चीवर सराव. मदतीला येणारा मोलगीकडचा मुलगा सोबत होता. त्याने विचारलं, "दादा, दोन्ही एकदम दाबले तर?" दोन लेन्सच्या मध्यांत साधारण अठरा सेंटिमीटर अंतर आहे. दोन्ही ७० वर ठेवले आणि माणूस दोन मीटरवर उभा केला. चौकटीत जेमतेम एक मीटर रुंदी मावते, म्हणजे एकातून बघून दुसरा दाबला तर माणूस चौकटीच्या सहाव्या हिश्शाएवढा सरकतो. वीस मीटरवर तोच फरक कळतही नाही. जवळच्या माणसासाठी म्हणून ज्यातून बघायचं, तोच दाबायचा.

मग त्याने आपला मोबाइल पालथा करून दाखवला. पाठीवर तीन लेन्स. बरोबर ओळखलं त्याने, कल्पना तीच. बोटाने १ वरून ३ केलं की मोबाइल एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्या कॅमेऱ्यावरच उडी मारतो. सिनेमावाल्यांनी चटकन लेन्स बदलायची ही गरज फार आधी भागवली होती. १९३५ मध्ये आलेल्या बोलेक्स एच १६ च्या तोंडावर तीन लेन्सची फिरती तबकडी असे, हवी ती फिरवून पुढे आणायची. मूकपटांच्या काळात हॉलिवूडमध्ये दोन कॅमेरे शेजारी-शेजारी लावत, पण तो दुसरा परदेशी पाठवायच्या निगेटिव्हसाठी. झूम आल्यावर तबकड्या मागे पडल्या. तरी २४ पासून २०० पर्यंत सगळीकडे एफ २.८ देणारी, रात्री हातात धरून वापरता येईल अशी एक लेन्स माझ्यासारख्याला मिळत नाही. म्हणून ही पट्टी.

११ मार्च, मंगळवार

दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदाला सेकंद मिळवली, नाहीतर नंतर हजार फोटोंचा क्रम लागत नाही. रंगही दोन्हीत हाताने ३२०० केल्व्हिनवर बांधला. ऑटोवर ठेवलं की एक कॅमेरा आग पांढरट करतो, दुसरा केशरी.

मोलगीचा मुलगा सांगत होता, त्याच्या काकांनी पाळणी धरली आहे. नवसाची माणसं होळीआधी काही दिवस खाटेवर झोपत नाहीत, ब्रह्मचर्य पाळतात, आणि मग बुध्या, बावा होऊन नाचतात. अशा माणसाला "जरा थांबा, इकडे बघा" म्हणणारे फोटोवाले मी दरवर्षी बघतो आणि मला ते अजिबात पटत नाही. तो नवस फेडायला आलेला असतो. लेन्स तयार ठेवणं हे माझं काम, थांबणं हे त्याचं काम नव्हे.

१४ मार्च, शुक्रवार. दुपारी

काल संध्याकाळीच देवगोईचा घाट चढलो. पौर्णिमा होती, डोंगर उजळलेले. जुन्या मेवासी संस्थानांपैकी काठी हे एक, आणि तिथली राजवाडी होळी पेटते ती पहाटे. सुमारे सत्तर फुटांचा बांबू उभा करतात. त्याचा खड्डा हातांनी खणलेला असतो.

पंधरा-सोळा मीटरवर जागा धरली. २४ वर पट्टी उभी केली की बांबू बुडख्यापासून शेंड्यापर्यंत मावतो. पट्टी उभी झाली की कॅमेरे एकावर एक येतात, मग डोळा वर-खाली न्यावा लागतो. हे गच्चीवर करून ठेवलं होतं म्हणून हात अडला नाही.

एकच प्रसंग लिहून ठेवतो. मोठ्या ढोलाचा ठोका बदलला आणि बुध्यांची रांग वळली. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचे, मोरपिसांचे उंच टोप, अंगावर राखेचे पांढरे ठिपके, कमरेला घुंगरं आणि वाळलेले दुधीभोपळे. रुंद लेन्समध्ये सगळी रांग, मागे आग. त्याच क्षणी पलीकडच्या टोकाला एका म्हाताऱ्या बुध्याने मान वर करून बांबूच्या शेंड्याकडे पाहिलं. डोळा उजवीकडे सरकला, २०० वर त्याची हनुवटी, गळ्याच्या शिरा, घामाने ओघळलेले ठिपके. सेकंदाचा अडीचशेवा भाग, आयएसओ ६४००, दोन्हीकडे तेच. परत डावीकडे आलो तेव्हा रांग अजून वळतच होती. मी जागचा हललो नव्हतो आणि त्या माणसाला माझा पत्ताही नव्हता. मला या पट्टीकडून हवं होतं ते एवढंच.

१६ मार्च, रविवार

फोटो लावून झाले. घड्याळं मिळवल्यामुळे रांग आणि म्हातारा पाठोपाठ आले. दोन्ही सेन्सर स्वच्छ आहेत. मनगट मात्र सुजलं आहे. मोनोपॉड होता तरी वजन वजनच. रात्रभराच्या कामाला लांब लेन्सऐवजी ८५ ची छोटी लावली तर किलोभर सहज वाचेल, पण पुढे जाऊन उभं राहावं लागेल, आणि पुढची जागा नाचणाऱ्यांची आहे. तेव्हा ७०-२०० च राहील. कमरेच्या पट्ट्याला मोनोपॉडचं टोक टेकवायला एक वाटी शिवून घ्यायची. मोलगीच्या मुलाने फोटोतला म्हातारा ओळखला, त्याच्या काकांच्याच पाड्यावरचा निघाला. बारा बाय अठराचे दोन प्रिंट काढायला टाकले आहेत. एक त्या म्हाताऱ्याच्या घरी जाईल, एक चाचांच्या दुकानात.