फाइल आहे, फाइल नाही

आमच्या सोसायटीचा हिशेब ज्या प्रोग्रॅममध्ये आहे, तो कुणीतरी व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला आहे, म्हणजे १९९८ सालच्या हत्याराने. लिहिणारा कधीच परदेशी गेला, पण प्रोग्रॅम चालतो. मेंटेनन्सच्या पावत्या काढतो, थकबाकीदारांची यादी देतो, ऑडिटर नाक मुरडणार नाहीत असा ताळेबंद छापतो. जुना कॉम्प्युटर बसला, नवा लॅपटॉप आला, आणि खजिनदार म्हणून तो माझ्या डायनिंग टेबलावर विराजमान झाला. सुरुवातीलाच प्रोग्रॅमने कळवलं की एमएसकॉमसीटीएल.ओसीएक्स नावाची फाइल एक तर नाही, नाही तर बिघडलेली आहे.

फाइल जुन्या डिस्कवर होती. सेक्रेटरींच्या ओळखीचे एक गृहस्थ फोनवर म्हणाले, "सिस्टम३२ मध्ये टाका, झालं काम." टाकली. विंडोजने ॲडमिनची परवानगी मागितली, मी दिली. फोल्डर उघडून पाहिलं, फाइल तिथे होती. प्रोग्रॅम सुरू केला, तर म्हणे फाइल नाही. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच पालुपद.

फाइली बघायला माझ्याकडे एक जुना प्रोग्रॅम आहे, पडद्याचे उभे दोन भाग करून दाखवणारा. बरीच वर्षं हात बसलाय त्याच्यावर. त्यातून सिस्टम३२ उघडलं, तर आत माझी फाइल नाही! शेजारी विंडोजची स्वतःची खिडकी उघडी. तोच सी ड्राइव्ह, तोच विंडोज फोल्डर, तेच सिस्टम३२, आणि त्यात फाइल अगदी ठळक दिसत होती. दोन खिडक्या शेजारी-शेजारी लावून मी नुसती बघत बसले. व्हायरस असेल म्हणून सगळी तपासणी केली, काही निघालं नाही. निघाला असता तर बरं वाटलं असतं, निदान कुणाला तरी बोल लावता आला असता.

वरच्या मजल्यावरचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने टास्क मॅनेजर उघडून माझ्या जुन्या प्रोग्रॅमच्या नावापुढचं '३२ बिट' दाखवलं आणि म्हणाला, "काकू, लॅपटॉपचं विंडोज ६४ बिटचं आहे. ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ते खरं सिस्टम३२ दाखवतच नाही. त्याने सिस्टम३२ मागितलं की गुपचूप शेजारचं सिसवॉव६४ उघडून देतं."

म्हणजे ६४ नावाच्या फोल्डरात ३२ बिटच्या फाइली?

"हो. आणि सिस्टम३२ मध्ये ६४ बिटच्या."

मला वाटलं पोरगं थट्टा करतंय. पण तसंच आहे, आणि त्याला कारणही आहे. १९९३ साली विंडोज एनटी आली तेव्हा ३२ बिटच्या फाइलींसाठी सिस्टम३२ हे नाव पडलं. पुढे हजारो प्रोग्रॅमर मंडळींनी आपापल्या कोडमध्ये तो पत्ता जसाच्या तसा लिहून टाकला. २००५ साली साध्या पीसीसाठी ६४ बिटची एक्सपी आली, तोवर नाव बदलायची सोय उरली नव्हती. फोल्डर तोच ठेवून आतला ऐवज बदलला, आणि जुन्यांची सोय दुसरीकडे लावली. प्रिंटरच्या स्पूलसारखे काही मोजके कप्पे या अदलाबदलीतून वगळलेले आहेत, म्हणजे नियमही सरसकट नाही. याला मी शहाणपण म्हणायला तयार नाही. पण त्यावाचून आमचा हिशेब चाललाही नसता, तेव्हा गप्प बसणं भाग आहे.

मुलाने आणखी एक गंमत दाखवली. माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पत्त्याच्या जागी सिस्टम३२ ऐवजी 'सिसनेटिव्ह' लिहिलं, आणि खरं सिस्टम३२ माझ्या फाइलीसकट उघडलं. तेच नाव विंडोजच्या खिडकीत लिहिलं, तर असा फोल्डरच नाही म्हणे. ती वाट फक्त ३२ बिटवाल्यांसाठी, आणि यादीत ती कुठेही दिसत नाही. मग फाइल सिसवॉव६४ मध्ये ठेवली, ॲडमिनच्या काळ्या खिडकीतून रेगएसव्हीआर३२ ची आज्ञा देऊन तिची नोंद केली, आणि प्रोग्रॅम निमूट चालू लागला.

पण खरा घाम फुटला तो वार्षिक सभेच्या तोंडावर. छपाई अडत होती, म्हणून त्या फोनवाल्या गृहस्थांनी प्रोग्रॅम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करायला सांगितलं. केला, आणि लॅपटॉप आल्यापासूनच्या सगळ्या पावत्या गायब! नेहमीसारखा उघडला की पावत्या हजर. पेनड्राइव्हवरचे बॅकअप पाहिले, तर एकूणएक फाइलींवर लॅपटॉप आला त्या दिवसाचीच तारीख.

मुलगा पुन्हा खाली आला. २००७ साली व्हिस्टा आली, तेव्हापासून प्रोग्रॅम फाइल्समध्ये कुणीही उठून लिहिणं बंद झालं. पण जुने प्रोग्रॅम आपला डेटा तिथेच ठेवायला शिकलेले. त्यांना अडवलं तर ते कोलमडतात, म्हणून विंडोज 'हो, ठेवलं' म्हणतं आणि फाइलीची प्रत वापरणाऱ्याच्या ॲपडेटामध्ये, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात ठेवतं. फडताळातच ठेव म्हणून हटून बसलेल्या आजोबांना सून 'तिथंच ठेवलंय हं' म्हणते, वस्तू नव्या कपाटात ठेवते आणि मागितली की तिथून आणून हातात देते, तसंच हे. आजोबांना कधी शंकाही येत नाही. पण ॲडमिन म्हणून चालवलं की ही सोय बंद, आणि प्रोग्रॅम थेट फडताळ उघडतो. मीही बॅकअप फडताळातूनच घेत होते. वर ॲपडेटा हा फोल्डर मुळातच लपवलेला, त्यामुळे सहज नजरेला पडण्याची शक्यता नव्हती.

पत्त्यात नाव लिहून आम्ही तिथे पोचलो. आजच्या तारखेची डेटा फाइल होती, पावत्या शाबूत होत्या. आधी तिची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. मग प्रोग्रॅमचा अख्खा फोल्डर प्रोग्रॅम फाइल्सबाहेर, थेट सी ड्राइव्हवर आणला, त्यात ही ताजी फाइल घातली. तिथे आडकाठी नाही, त्यामुळे दुसरी प्रतही निघत नाही. आता बॅकअपनंतर फाइलीची तारीख बघितल्याशिवाय मी पेनड्राइव्ह काढत नाही.

त्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये आणखी एक फोल्डर होता, यांच्या पत्रिकेच्या प्रोग्रॅमचा. नातेवाइकांच्या झाडून सगळ्या पत्रिका तिथे. मी म्हटलं, "तुमचाही डेटा भलतीकडेच जातोय."

"मी बॅकअप घेतो," हे म्हणाले.

"कुठून?"

"प्रोग्रॅम फाइल्समधून."

सोसायटीच्या लॅपटॉपवर पत्रिकेचा प्रोग्रॅम आला कसा, हा विषय आम्ही वाढवला नाही.