बंदुकीला कुठलं तेल?

विषय जरा विचित्र आहे, हे आधीच सांगतो. आमच्या माकणीच्या तात्यांच्या रायफलीला कुठलं तेल लावायचं, यावरून आमच्या घरात जो वाद चालू आहे तो एकदा नीट लिहून काढावा म्हटलं. नातेवाइकांना अर्धामुर्धा माहीत आहेच, निम्मे तर त्यात सामीलच आहेत. बाकीच्यांनी बंदुकीच्या जागी शिलाई मशीन, सायकल, विहिरीवरची मोटर, काय हवं ते समजून वाचावं. तेलाचे गुण-अवगुण सगळीकडे तेच.

माकणी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं, लोहारा तालुक्यातलं, तेरणेच्या काठचं आमचं गाव. निम्न तेरणा धरण इथलंच. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. १९६६ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि हातात पहिली आली ती .३०३. नंतर बाकीची हत्यारं आली, पण पहिलीचं प्रेम काही सुटलं नाही. १९९० साली पेन्शनीवर घरी आल्यावर परवाना काढून त्यांनी .३१५ घेतली. .३०३ हा लष्कराचा बोअर, तो साध्या नागरिकाला मिळत नाही, म्हणून सरकारी कारखान्यात बनणारी ही .३१५. चालवायची तऱ्हा तीच. बोल्टची मूठ वर करायची, मागं ओढायची, पुढं ढकलायची, खाली दाबायची. दर गोळीला हे सगळं हातानं.

मला वाटतं वादाचं मूळ इथंच आहे. जे हत्यार आपोआप भरतं त्यात आतले भाग वेगानं मागंपुढं होत असतात, त्याला तेल जास्त लागतं. बोल्टच्या रायफलीत फिरवणारा आपला हातच. तेल कमी पडलं, जास्त झालं किंवा आत माती गेली की हाताला लगेच कळतं. आणि लागतंही फार थोडं. रानडुकरांच्या भीतीनं घेतलेली ही रायफल डुकरावर एकदाही चाललेली नाही. तिनं जेवढ्या गोळ्या झाडल्या असतील त्याच्या शंभरपट चिंध्या खाल्ल्या आहेत.

चिंधी हा तात्यांचा पारिभाषिक शब्द आहे बरं का! नळीतून ओढायच्या दोरीला, म्हणजे पुलथ्रूला, ते अजून 'फुलथ्रू' म्हणतात. त्यात अडकवायचा फलालीनचा तुकडा म्हणजे चिंधी. कोरडं पुसायचं असेल तर चार इंच बाय दोन, तेल लावायचं असेल तर चार बाय दीड. अर्धा इंच कमी का? तर तेलाची चिंधी नळीत सैल जायला पाहिजे. घट्ट गेली तर तेल लावण्याऐवजी पुसूनच काढते. साठ वर्षांपूर्वी शिकलेलं हे माप ते अजून कात्रीनं कापतात आणि काकूंची जुनी परकरं त्यात खर्ची पडतात. (फलालीन आता मिळतं कुठं?)

आता तेलं. आमच्या घरात तेलांना तोटा नाही. खोबरेल आहे, करडईचं आहे, जवसाचं आहे, ट्रॅक्टरचं इंजिन ऑइल आहे, ग्रीसचा डबा आहे, मशीनच्या तेलाची कुपी आहे, आणि मी पुण्याहून नेलेला डब्ल्यूडी-४० चा फवारा आहे. प्रत्येकाचा एकेक वकीलही आहे.

खोबरेलाची वकिली आमच्या आजीनं केली होती. कुलपाला, कडीला, बिजागरीला ती खोबरेलच घालायची. पण खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. डिसेंबरातल्या पहाटे आमच्याकडं बाटली उन्हात ठेवल्याशिवाय केसाला तेल मिळत नाही, तर फायरिंग पिनच्या बारीक स्प्रिंगमध्ये ते काय करेल? शिवाय ते खवट होतं, आणि खवट होणं म्हणजे आम्ल तयार होणं. लोखंडाला ते नको.

करडई तर आमच्या रानातली. पण तेलाच्या बुधलीच्या तोंडाशी पिवळा चिकट थर जमतो, तो आठवा. नखानं खरवडावा लागतो. करडईचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि तोच थर बोल्टवर बसतो. जवसाचं याच्याही पुढचं, ते तर पार वाळून कडक होतं. म्हणून ते लोखंडाला अजिबात नको आणि लाकडाला उत्तम. दस्त्याला तात्या दरवर्षी पावसाळ्याआधी जवसाचं तेल तळहातानं चोळतात, एकदम थोडं, हात गरम होईपर्यंत. इंग्रजांच्या काळापासून फौजेत दस्त्याला हेच तेल होतं. पण एक इशारा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवायच्या किंवा पाण्यात टाकायच्या.

इंजिन ऑइलचा वकील आमचा ट्रॅक्टरवाला चुलत भाऊ. नवं असेल तर वाईट नाही. पण तो देतो ते गाडीतून काढलेलं काळं! त्यात काजळी, आम्लं, धातूचा भुगा सगळं असतं. तात्यांनी त्याला विचारलं, "आरं, तुझ्या ट्रॅक्टरला नगं झालेलं मला देलालास व्हय?" विषय तिथंच संपला.

राहता राहिलं ग्रीस आणि मशीनचं तेल. ग्रीसला तात्या वंगणच म्हणतात. बैलगाडीच्या आसाला एरंडेल आणि काजळीचं वंगण घातलेली ही पिढी. त्यांचं म्हणणं, जिथं जोर येतो तिथं वंगण. बोल्टच्या ज्या खुंट्या गोळीचा मागचा सगळा धक्का अंगावर घेतात त्यांच्या पाठीला ज्वारीच्या दाण्याएवढं, आणि मूठ वर करताना जिथं स्प्रिंग दाबली जाते त्या उतारावर तेवढंच. बाकी बोल्टला मशीनचं तेल, बोटाला लावून ते बोट फिरवायचं, बस्स. चापाच्या यंत्रणेत एखादा थेंब. चेंबर मात्र गोळी झाडण्याआधी कोरडं ठक्क पाहिजे. बार उडाला की पितळी काडतूस फुगून चेंबरच्या भिंतीला धरतं. तिथं तेल असेल तर ते धरत नाही, आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. नळीतलं तेलही आधी पुसून काढायचं.

आणि धूळ. आमचं काळं रान. मार्चात हरभऱ्याची, ज्वारीची मळणी सुरू झाली की घरात कपाटाच्या आतसुद्धा धूळ असते. तेल जास्त झालं की ती तेलात बसते आणि पाट्यावर वाटल्यासारखं लोखंड घासत राहते. फवारा हा माझा हट्ट होता. त्यातल्या डब्ल्यूडीचा अर्थच मुळी पाणी हटवणारं असा आहे. १९५३ साली अमेरिकेत चाळिसाव्या खटपटीत जमलं म्हणून ४०. भिजलेल्या लोखंडावर ते झकास, पण मागं राहतो तो पातळ पापुद्रा. महिनोन् महिने राखणीला ते पुरत नाही. इथं तात्या जिंकले, हे लेखी देतो. :-)

पाण्यावरून आठवलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला चार मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवले होते. मी चौथीत होतो. भूकंपात आमचं माळवदाचं घर बसलं. माणसं वाचली आमची, गल्लीतली सगळी नाही वाचली. त्यावर मी इथं लिहिणार नाही. रायफल माळवदाच्या मातीखाली गेली होती आणि वरून पाऊस. तात्या दिवसभर दुसऱ्यांच्या घरांवरचे दगड उचलत होते, पण परवान्याचं हत्यार ढिगाऱ्यात बेवारशी सोडता येत नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी तीही उकरून काढली. ताडपत्रीपुढं तीन दगडांच्या चुलीवर त्यांनी पाणी उकळायला ठेवलं, दस्ता वेगळा केला, आणि चेंबरच्या बाजूनं नळीत ते उकळतं पाणी ओतलं. आजी ओरडली, गावात चिता जळत्यात आणि तू बंदूक धुलालास? लोखंडावर पाणी घालतंय का कुणी? तात्या काही बोलले नाहीत. ओतत राहिले.

फार नंतर कॉलेजात असताना मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. मातीवर तेल घातलं की चिखल तसाच आत राहतो. आधी पाणी, तेही उकळतं, कारण तापलेलं लोखंड स्वतःच वाळतं. मग रॉकेल. रॉकेल वंगण नाही, ते फक्त धुतं आणि असलेलं तेलही घेऊन जातं, म्हणून त्यावर लगेच तेल. फौजेत .३०३ लाही गोळीबारानंतर उकळतं पाणीच ओतायचे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागं मीठ राहतं, आपल्या मिठासारखंच हवेतलं पाणी ओढणारं. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. वरून कितीही तेल लावा, खाली गंज चालूच. त्या दिवशी मात्र मला वाटतं त्यांना हाताला काहीतरी काम हवं होतं, ज्यात पुढं काय करायचं ते माहीत आहे असं.

आता ताजा वाद. निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारं जमा करायला सांगतात. २०२४ साली लोकसभेला मार्चात जमा केली ती परत मिळाली जूनमध्ये, पहिले पाऊस पडल्यावर. जमा करताना आम्ही नळीला आणि बाहेरच्या लोखंडाला ग्रीसचा पातळ हात दिला होता, सुती धोतरात गुंडाळली होती (चामड्याच्या म्यानात नाही, चामडं ओल धरतं) आणि बोल्टला चिठ्ठी बांधली होती, 'नळीत ग्रीस आहे'. ते न पुसता कुणी बार काढला तर नळी फाटू शकते. परत आली तेव्हा बाकी सगळं ठीक, फक्त नंबराच्या जागी तांबूस गंज आणि शेजारी बोटांचे चार ठसे. कुणीतरी नंबर वाचायला अंगठ्यानं ग्रीस पुसलं असणार. उन्हाळ्याचा घामट हात, घामात मीठ.

मी चिडलो. तात्या म्हणाले, त्याचं काय चुकलं, त्याला नंबर वाचायचा होता. नोव्हेंबरात विधानसभेला पुन्हा जमा करायची वेळ आली तेव्हा त्यांनी नंबरावर ग्रीसऐवजी साधं पांढरं व्हॅसलीन लावलं. खनिज तेलाचंच ते, वाळत नाही, खवट होत नाही, आणि त्यातून आकडे वाचता येतात. या वेळी गंज नव्हता.

मधल्या काळात, १ ऑगस्टला, स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. घरात सगळे गुण बघत होते, तात्या फक्त त्याचा बोल्ट बघत होते. .२२ ची रायफल, दर गोळीला हातानं. "हात बघ त्याचा, कुठं अडकतंय का," एवढंच. त्या .२२ च्या शिशाच्या गोळीला मेणासारखा लेप असतो, नळीला वंगण गोळीच देते, हे मी वाचून दाखवलं. त्यांना ते फार आवडलं.

तात्यांचे मोतीबिंदू निघाले, पण आता बारीक दिसत नाही आणि हात थरथरतो. सत्तरीनंतर परवाना वारसाकडं देता येतो, म्हणून त्यांनी मला विचारलं. बायको स्पष्ट नाही म्हणाली. सोलापूरचा भाऊ म्हणतो, विकून टाका. माझंही मत खरं तर तसंच होतं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मी ती कशाला ठेवू? पण तात्यांची नात उमरग्याला कॉलेजात आहे, एनसीसीत, तिथल्या .२२ वर नेम चांगला आहे तिचा. ती म्हणाली, मी घेते. परवान्याला २१ वर्षं पूर्ण लागतात, तिला अजून दोन आहेत. तात्या ७८. हिशेब सगळ्यांनी मनातल्या मनात केला, बोललं कुणीच नाही.

तोवर ती सुट्टीला आली की तात्यांसमोर बसून साफसफाई करते. मागच्या खेपेला मी तिथं होतो. चिंधी तिनं न सांगता चार बाय दीड कापली. बोल्टला मशीनचं तेल लावलं, खुंट्यांना ग्रीस, आणि बोल्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला, नाकाशी नेऊन वास घेतला, आणि परत तिच्याकडं सरकवला.

"लय झालंय. पूस."