एसटी, पण आकाशातली!

चार चाकांची ती कडक ट्रॉली बॅग आधी माळ्यावर टाका. बोट्स्वानाच्या सफारीला ती चालत नाही. मऊ कापडी बॅग हवी आणि कॅमेऱ्यासकट सगळं मिळून साधारण २० किलो. बस्स! कारण पुढचा आठवडाभर ज्या सेसना विमानातून तुम्ही फिरणार, त्याच्या पोटात जागाच तेवढी. आणि बॅगा आत भरतो कोण? चक्क पायलट.

माउन हा या सगळ्या प्रवासाचा डेपो. जोहान्सबर्गहून इथे यायचं आणि पाच ते बारा सीटच्या विमानात चढायचं. एअर होस्टेस नाही, टॉयलेट नाही, चहा-कॉफी तर विसराच. विमान वीस-पंचवीस मिनिटं उडतं, झाडीतल्या मातीच्या पट्टीवर उतरतं, दोघांना सोडतं, तिघांना घेतं, की पुन्हा वर. थोडक्यात काय, ही एसटीच आहे, फक्त आकाशातली. उतरण्याआधी कॅम्पची जीप धावपट्टीवरून एक चक्कर मारते. मध्येच झेब्रे चरत असले तर त्यांना हुसकायला नको?

मग गाडीने का नाही जायचं? कारण खाली रस्त्यापेक्षा पाणी जास्त. ओकावांगो ही समुद्राला न मिळणारी नदी. अंगोलाच्या डोंगरांत उन्हाळ्यात पडलेला पाऊस हळूहळू सरकत कलाहारीच्या वाळूत पसरतो आणि माउनच्या आसपास पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. म्हणजे ऐन कोरड्या ऋतूत इथे पूर! म्हणूनच चहूकडचे प्राणी इथे गर्दी करतात. हे सगळं कळतं ते खिडकीतून. हिरव्या पाण्यात गोल गोल बेटं, काठाला ताडाची झाडं आणि मधोमध पांढरा मिठाचा डाग. यातली कित्येक बेटं मुळात वाळवीच्या वारुळांपासून वाढलेली आहेत. २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ही जागा आली, तीही बरोब्बर हजारावी.

पहिला स्टॉप डेल्टातच घ्या. इथे जीपपेक्षा मोकोरोची मजा. पूर्वी ही होडी एका खोडातून कोरायचे. आता झाडं वाचवायला बऱ्याच ठिकाणी फायबरची असते. मागे उभा राहून एकजण बांबूसारख्या काठीने ती ढकलतो. इंजिनाचा आवाज नाही, मोबाइलला रेंज नाही. दुसरा स्टॉप सावुती. इथला ओढा १९८२ पासून पाव शतकाहून जास्त काळ कोरडा होता, मग पुन्हा वाहता झाला. हत्तीची शिकार करणाऱ्या सिंहांसाठी हा भाग प्रसिद्ध. शेवटचा स्टॉप चोबे नदी. संध्याकाळी बोटीतून बघा, हत्तींचे कळपच्या कळप पाण्यात उतरलेले!

आता खिशाचं बोलू. चांगल्या कॅम्पमध्ये सीझनला एका माणसाचं एका रात्रीचं भाडं हजार डॉलरच्या पुढे सहज जातं. पगारदार माणसाला घाम फुटतो. पण हा महागडेपणा ठरवून आहे. पर्यटक कमी, पैसे जास्त, हे बोट्स्वानाचं सरकारी धोरण. कॅम्पमध्ये खोल्याच मोजक्या, म्हणून जंगलात जीपांची रांग लागत नाही.

मग जंगल फक्त श्रीमंतांचं का? हा प्रश्न तिथल्या शेतकऱ्यालाही पडतो. देशात १ लाख ३० हजारांच्या आसपास हत्ती. जगात इतके कुठेच नाहीत. रात्रीत उभं पीक साफ होतं. दोडामार्गच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. २०१४ मध्ये सरकारने शिकारीवर बंदी घातली आणि २०१९ मध्ये, गावांच्या तक्रारींचं कारण देऊन, ती उठवली. आपण वरून फोटो काढतो तो हत्ती खाली कुणाच्या तरी ज्वारीत उभा असतो. त्या माणसाला हत्तीपासून काही मिळालं, तरच हत्ती टिकणार.

म्हणून बुकिंग करताना फक्त स्विमिंग पूल आहे का, एवढंच विचारू नका. कॅम्पची जमीन कुणाची, गावाच्या ट्रस्टला भाड्याचा वाटा जातो का, गाइड त्याच भागातले आहेत का, हेही विचारा. सरळ उत्तर मिळालं तर पैसे वसूल समजा.

निघण्यापूर्वी
• बजेट कमी? नोव्हेंबर ते मार्च हा पावसाळी सीझन स्वस्त. माउनहून गावकऱ्यांच्या मोकोरोतून एक दिवसाची फेरीही होते.
• दुपारी हवा तापते आणि छोटं विमान चांगलंच हलतं. सकाळची फ्लाइट मागा, पोट हलकं ठेवा.
• अनेक कॅम्पना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर गाइडशिवाय तंबूबाहेर पाऊल नको!