निवगऱ्या

चतुर्थीच्या दिवशी स्वयंपाकघरातला एक हिशेब कधी जुळत नाही. आंबेमोहराची पिठी वाटीने मोजून घेतलेली असते, पाणी तेवढंच, त्यात मीठ आणि चमचाभर तूप. नारळ-गुळाचं सारणही अंदाज घेऊनच परतलेलं असतं. मोदक एकवीस, आणि मोदकाला एकटं ठेवू नये म्हणून सोबत एखादी करंजी. एवढं सगळं ठरलेलं असूनही शेवटी एक तर सारण उरतं, नाहीतर उकड. सारणाची कुणाला काळजी नसते. ते येता-जाता चमच्याचमच्याने संपतं. उकडीच्या बाबतीत मात्र वेळ दवडून चालत नाही. ती गार झाली की आखडते, पारीला चिरा पडतात, कळ्या काढायला जावं तर हातातच फाटते. मग त्याच परातीत हिरवी मिरची, जिरं, मीठ, कोथिंबीर पडते, पाण्याचा हात लावून पुन्हा मळलं जातं, लहान लहान चपट्या टिकल्या थापल्या जातात, त्या निवगऱ्या. मोदकपात्र तापलेलंच असतं. वाफवून झाल्या की वर कच्च्या तेलाची धार, नाहीतर बाजूला दही.

निवगऱ्यांचा फोटो सहसा कुणी काढत नाही. मोदकाच्या कळ्या मोजल्या जातात, नाक किती टोकदार आलं यावर नणंदा-भावजयांचे शेरे चालतात. निवगरीचं रूप कुणी बघत नाही. पण तीन-चार मोदक तूप ओतून खाल्ल्यावर जीभ गोडाने जड होते. तेव्हा त्या तिखट, मऊ टिकलीची जी गरज असते ती ताटावर बसलेल्यांच्या आधी परातीशी बसलेलीला कळलेली असते. मला विचाराल तर त्या दिवसाच्या स्वयंपाकात मोदक शिकून आलेला असतो आणि निवगरी सुचलेली असते. आता तीही शिकवली जाते, हे कबूल. तरी तिच्यात कुणा पहिलीची ती घाई अजून शिल्लक आहे असं मला वाटतं.

आम्हा लिहिणाऱ्यांत सुचण्याविषयी फार बोललं जातं. पहाटेची वेळ, डोंगरातलं घर, खिडकीतला पाऊस आणि समोर कोरा कागद. यातलं बरंचसं मी करून पाहिलं आहे. कोऱ्या कागदासमोर मला झोप येते. स्वयंपाकघरात कोरं असं काही नसतंच. फ्रीज उघडला की कालचा भात असतो, अर्धा कोबी असतो, आंबटपणाकडे झुकलेलं ताक असतं, तीन पोळ्या असतात आणि खाणारी तोंडं चार असतात. पेच इतका नेमका असतो की तो सोडवावाच लागतो. ताकाची कढी होते, कोबी थालीपिठात शिरतो, पोळ्या चुरून फोडणीला पडतात. कुणी त्याला कुस्करा म्हणतं, काही घरांत त्याचं माणिकमोती होतं. (शिळ्या पोळीला हे नाव देणाऱ्या बाईला माझा नमस्कार, तिने कविता लिहायला हवी होती, किंवा लिहिलीच म्हणायची.) ‘आज काय करू?’ हा प्रश्न दिवसातून दोनदा पडतो आणि दोनदा सुटतो. इतकं नियमित सुचणारा एकही कवी माझ्या ओळखीत नाही.

गोधडीचंही असंच. सातारा-कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. तिकडे राहणारी माझी मावशी दर उन्हाळ्यात एखादी तरी वाकळ शिवायला घेते. तिचं काम बघत बसणं हा माझा सुट्टीतला आवडता उद्योग आहे. सुरुवात बोचकं सोडण्यापासून. जुन्या लुगड्याचा पदर, धोतराचं पान, परकराचा घेर, शर्टाची पाठ. शर्टाची पाठच का, तर कॉलर आणि काखा आधी विरतात, पाठ टिकते. खाली एक अख्खं लुगडं अंथरायचं, त्यावर विटक्या कपड्यांचे थर, आणि वरच्या अंगाला तुकडे. मग धावदोरा, शिवणातला सगळ्यात साधा टाका. कडेपासून सुरू करून चौकोनाच्या आत चौकोन असं सरकत मध्यापर्यंत यायचं. थर जाड असले की सुई बोटाने रेटत नाही, तळव्याला चिंधी गुंडाळावी लागते.

नक्षी कुठेही काढलेली नसते. ना कागद, ना खडूची रेघ. मावशी एक तुकडा ठेवते, मागे सरून बघते, उचलते, दुसरा ठेवते. एकदा ठेवला आणि चार टाके पडले की पुढच्या तुकड्याचा प्रश्न बदलतो, कारण आता शेजार ठरलेला असतो. लाल संपलं तिथे लाल थांबतं. पिवळ्याची एक अरुंद पट्टीच आहे, मग ती कोपऱ्यात लावून वाया घालवायची नाही, अशी मधे आणायची की ती पुरेशी वाटेल. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर अख्खं सचित्र पुस्तक केलं आहे. अशा गोधड्यांची छायाचित्रं पाहिली की पाहणाऱ्याला आधुनिक चित्रकला आठवते; तो चौकोनांचा बेफिकीरपणा, रंगाचा मधेच येणारा धक्का. मला मात्र मावशीचं बोचकं आठवतं. तो धक्का कापड संपल्यामुळे आलेला असतो. ठाण उलगडून हवं तेवढं लाल कापून घेता आलं असतं तर तिनेही कदाचित सगळी वाकळ एकसारखी, नेटकी आणि कंटाळवाणी शिवली असती.

इथे एक गोष्ट बोलून टाकायला हवी, नाहीतर हे सगळं फारच गोड होईल. तुकडे जोडावे लागत, कारण नवं कापड परवडत नसे. उरलेलं खपवावं लागे, आणि ते खपवण्याचं काम बहुतेकदा जिने रांधलं तिच्याच वाट्याला, सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर येई. टंचाईतून देखणं काही घडलं म्हणून टंचाई देखणी होत नाही. शहरात एखाद्या चकचकीत दुकानात गोधडी टांगलेली दिसते आणि तिच्या किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली की मला पहिला प्रश्न पडतो तो टाके घालणारीला त्यातलं किती मिळालं असेल हा. मावशीला असं काही विचारलं तर ती म्हणते, “तू बोलत बस. दोरा ओवून दे आधी.” तिला आता दिसायला त्रास होतो, म्हणून माझी खरी नेमणूक सुईत दोरा ओवण्यावर आहे.

स्वयंपाक आपल्याकडे पुस्तकातही आला, आणि आला तो थाटात. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. वाटी-चमच्याच्या मापाने सांगणाऱ्या त्या पुस्तकाने आईपासून लांब, दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या किती मुलींची अब्रू राखली असेल. लोकसाहित्याच्या एवढ्या मोठ्या अभ्यासक दुर्गा भागवत, त्यांनाही ‘खमंग’ हे खाण्यावरचं पुस्तक लिहावंसं वाटलं. मी या पुस्तकांच्या बाजूने आहे. ‘हात बसला की आपोआप कळतं’ असं म्हणणाऱ्या थोर बायकांनी जितक्या नवशिक्यांना रडवलं आहे तितकं कुठल्याही पुस्तकाने रडवलेलं नाही.

पण पुस्तकाचा हात सुटतो अशी एक जागा असते, आणि मला रस आहे तो त्या जागेत. अनरशाचं बघा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर पसरून दमट असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ घालून गोळे मुरत ठेवायचे. इथपर्यंत सगळं लिहून देता येतं. मग खसखशीवर थापलेला पहिला अनरसा तुपात जातो आणि पसरत पसरत फुटून कढईभर होतो. अनरसा हसला. त्याच्या त्या हसण्यावर घरातलं कुणी हसत नाही. आता तांदूळ किती दमट होते, गूळ कसला होता, पीठ किती मुरलं, याचा जो हिशेब त्या कढईपुढे उभं राहून मनात होतो तो कुणाच्याच पुस्तकात नाही. कुणी चिमूटभर तांदळाची पिठी मिसळतं. पीठ उलट कोरडं, न फुलणारं निघालं तर कुणी दुधाचा हात लावतं, कुणी केळं कुस्करून घालतं. खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, झाऱ्याने तूप उडवत तळलेला दुसरा अनरसा जाळीदार निघतो, तेव्हा त्या जाळीत केलेला प्रत्येक विचार दिसतो.

हात कामात असताना डोकं काय करतं? जात्यावर बसलेल्या बायकांनी याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. एवढं काव्य टेबल-खुर्चीवर बसून झालेलं नाही. एका हातात खुंटा, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे टाकणं, आणि पहाट. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्या आणि शेतातल्या कामात त्यांची गाणी झाली, मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ती टिपून ठेवली म्हणून उरली, आणि त्या गेल्यावर, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकात आली. मला दळायला बसवलंत तर मी दहा मिनिटांत गिरणीचा पत्ता विचारीन, तेव्हा जात्याचे गोडवे गाण्याचा अधिकार मला नाही. पण एक पाहिलं आहे. मिक्सर चालू असताना काही सुचत नाही, नुसतं तो थांबण्याची वाट बघणं होतं. गवार निवडताना सुचतं. लसूण सोलताना, कडधान्यातले खडे वेचताना, लोकरीचा गुंता सोडवताना सुचतं. हाताला पुरेसं काम हवं, डोळ्यांना थोडं हवं, आणि उरलेला माणूस मोकळा हवा.

म्हणून मी लेख अडला की मेथीची जुडी घेऊन बसते. घरच्यांना हे इतकं ठाऊक झालं आहे की मेथीचं पिठलं, मेथीचे पराठे आणि मेथीची मुद्दाभाजी लागोपाठ झाली की लेख अवघड चालला आहे असं ते समजतात. शेजारच्या ताई बँकेत आयुष्यभर आकडे मांडून निवृत्त झाल्या. आता त्या क्रोशाने रुमाल विणतात आणि आमच्या इमारतीतलं एकही पाण्याचं पिंप उघडं राहिलेलं नाही. त्यांना मी विचारलं, एवढ्या रुमालांचं करायचं काय? त्या म्हणाल्या, “करायचं कुठे काय आहे? दरवेळी कड वेगळी निघते की नाही ते बघायचं.” आणि खरंच, प्रत्येकाची कड वेगळी आहे. एकावर कमानी आहेत, एकावर शंख, एकावर नुसतीच दातेरी रेघ, कारण दोरा तेवढाच राहिला होता.

यंदा मावशीच्या देखरेखीखाली मीही एक वाकळ लावली आहे. मोठी नाही, दुपट्याच्या मापाची. बोचक्यात माझ्या जुन्या नारिंगी ओढणीचा एक तुकडा होता आणि खणाच्या चोळीचा मोरपंखी काठ. मी दोन्ही शेजारी ठेवले. मावशी चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिली.

“उसव,” ती म्हणाली. “डोळ्यांत जातंय.”

“तेच बरं दिसतंय.”

“मधे पांढरं घाल निदान.”

पांढरं होतं, धोतराचं पान अख्खं शिल्लक होतं. मी ते घडी घालून परत बोचक्यात ठेवलं आणि सुई पुढे घातली. या वादाला आता दोन घरांतली माणसं सामील झाली आहेत, फोनवर फोटो फिरतात, बँकेतल्या ताई माझ्या बाजूने आहेत आणि मावसभाऊ पांढऱ्याच्या. मावशीने शेवटचं मत राखून ठेवलं आहे. उरलेले तुकडे बघितल्याशिवाय काही सांगणार नाही म्हणते.