सुटलेला टाका

लोकरीच्या विणकामात चुकणाऱ्याला एक मोठी सवलत असते. सुई काढावी, लोकरीचे टोक धरावे आणि ओढावे. तीन संध्याकाळींचे काम तीन मिनिटांत पुन्हा गुंडा होऊन मांडीवर बसते. उसवलेली लोकर कुरळी होते खरी. तिची लड भिजवून, वजन बांधून वाळवली, की तीही झाले-गेले विसरते. शिवणात हे सुख नाही. कात्री चालली की चालली. (छापून आलेल्या कादंबरीतही नाही, पण ते असो.)

आमच्या घरी विणते ती माई, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी बहीण. एक सुलट, एक उलट ही काठाची वीण ती जपासारखी विणते. या विणीची गंमत अशी, की टाके सम असले आणि प्रत्येक ओळ सुलट टाक्याने सुरू केली, तर उभ्या पन्हळी पडतात. एकच टाका जास्त पडून संख्या विषम झाली, की त्याच मंत्राने पन्हळी नाहीशा होतात आणि साबुदाणे पसरावेत तसे दाणे उमटतात! गेल्या वर्षी भाचीच्या बाळाच्या टोपड्याचा काठ असाच दाणेदार झाला. “नवी नक्षी आहे,” माईने जराही न हसता सांगितले. शेजारच्या दोघी शिकायला आल्या. आता त्यांना शिकवायचे काय? ‘एक टाका जास्त घाला,’ एवढेच!

भोकाचेही तसेच. सुईवर लोकरीचा जादा वेढा पडला, की भोक राहते. एकच असले तर चूक. दर सहाव्या टाक्याला असले तर जाळी. वर्गात एक मुलगा उभा राहिला तर खोडकर, रांगेने उभे राहिले तर कवायत, त्यातलाच प्रकार.

अलीकडे माईची नजर अधू झाली आहे. मोतीबिंदू काढला, पण दोष पडद्यात आहे. तो बरा होणारा नाही. गडद लोकर तिने सोडली. सुटलेला टाका शिडीसारखा खाली धावतो. क्रोशाच्या सुईने तो एकेक पायरी वर चढवता येतो. माई झोपली, की माझी पत्नी हे काम गुपचूप करीत असे. दोन महिने निर्वेध गेले. मग एके सकाळी माई म्हणाली, “अगं, माझे टाके तू उचलतेस ते कळतं मला. तुझा हात घट्ट आहे. तेवढी जागा बोटाला कडक लागते.”

पत्नीला काय बोलावे सुचेना.

“उचलू नकोस. कुठे सुटलाय ते सांग फक्त.”

तेव्हापासून ते सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वह्या तपासणाऱ्याला हे जमेल, असा घरातला समज. मी दिव्याखाली बसून सांगतो, “खालून चौथी ओळ, डावीकडून आठवा.” माईचे बोट चाचपत तिथे पोचते, थांबते. परवा ते जरा जास्तच थांबले.

“अरे, सुटलेला नाही तो,” ती म्हणाली. “जाळी आहे. पुढे बघ.”