खणातली राणी

आमच्या सासूबाईंचे मुंग्यांशी नाते मोठे गमतीचे होते. सकाळी देवपूजा आटोपली, की चिमूटभर पीठसाखर घेऊन त्या वाड्याच्या मागच्या अंगणात जायच्या आणि मुंग्यांच्या बिळाशी हलक्या हाताने ठेवायच्या. “मुक्या जिवांना घालावं,” म्हणायच्या. मग घरात येऊन त्याच हाताने दुधातुपाच्या जाळीच्या कपाटाच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी भरायच्या. अंगणात त्या पाहुण्या आणि स्वयंपाकघरात चोर! मी पुढे त्यांचा दुसरा धडा तेवढा गिरवला. पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या जागेला अंगण नाही. ओट्याच्या कडेने हळद, फटींपाशी खडूच्या रेघा आणि साखरेच्या डब्याला घट्ट झाकण, एवढाच माझा नि मुंग्यांचा तीस वर्षांचा व्यवहार.

यंदा जूनमध्ये पहिला दणकून पाऊस झाला, त्या संध्याकाळी आमची धाकटी ओल्या चपलांनी तशीच आत आली. “आई, एक रिकामी बाटली दे. लवकर!” तिच्या मिटल्या मुठीत जवळजवळ पाऊण इंच लांबीचा काळाभोर डोंगळा होता. जिन्यातल्या दिव्याखाली सापडला म्हणे.

“अगं, टाक तो बाहेर!”

“डोंगळा नाही, राणी आहे ती. मी पाळणार आहे.”

लोक मांजर पाळतात, पोपट पाळतात. ज्यांना मी तीस वर्षे घराबाहेर हाकलले, त्यांनाच माझी लेक पाळणार! पण ती सांगू लागली आणि मी हातातले लाटणे तसेच धरून ऐकत राहिले. पावसाळ्याच्या तोंडावर पंखवाल्या राण्या आणि नर वारुळातून उडतात. त्याच काय तो संयोग. नर थोड्याच दिवसांत मरतात. राणीला मात्र त्या उड्डाणाची शिदोरी जन्मभर पुरते. जमिनीवर उतरली, की ती स्वतःचे पंख स्वतःच उतरवून टाकते. पंख गेल्याच्या खुणा आणि पाठीचा तो जाडजूड मधला भाग, ही तिची ओळख. मग एखाद्या भेगेत शिरून ती आपल्याला कोंडून घेते. खाणे नाही, पिणे नाही. उडण्याचे स्नायू आता कामाचे नसतात; तेच अंगात जिरवून त्यावर ती जगते आणि पहिली पिल्ले पोसते.

पहिले बाळंतपण, आणि जवळ एक माणूस नाही! मी लाटणे खाली ठेवले.

तिचे घर मांडायला पाच मिनिटे लागली. प्रयोगशाळेतली एक काचेची परीक्षानळी. तळाशी एक तृतीयांश पाणी, त्यावर कापसाचा बोळा असा दाबून बसवलेला, की तो ओला राहावा पण पाणी पुढे येऊ नये. मग राणी, आणि तोंडाशी कोरड्या कापसाचे बूच. त्यातून हवा खेळते. नळी कागदात गुंडाळून कपाटाच्या खणात आडवी ठेवली. झाला संसार! आमच्या हवेत तिला वेगळी ऊब द्यावी लागत नाही. हवा असतो तो अंधार, आणि कोणी न हलवणे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात धाकटीला बंगळूरला नोकरी लागली. पहिल्यांदाच घराबाहेर राहणार होती. निघताना मी तिला लोणची, मेतकूट आणि सतरा सूचना दिल्या. तिने मला एकच दिली. “आई, खण आठवड्यातून एकदाच उघडायचा. तोही अर्धा मिनिट.”

हा छंद सुरू करणाऱ्याला करायचे काहीच नसते. हेच त्यातले सर्वांत अवघड काम! घर सुने पडले होते. दुपारी जरा पाठ टेकली, की खण आठवे. पांढरी अंडी किती झाली? राणी हलते ना? रोज एकदा बघत होते, मग दोनदा, पुढे तर चष्मा लावून नळी खिडकीशी नेऊ लागले. त्याच दिवसांत लेकीला सकाळी एक आणि रात्री एक फोन चाले. जेवलीस का? काय जेवलीस? आवाज असा का येतोय? ती “सगळं ठीक आहे” म्हणे, आणि दिवसेंदिवस तेवढेच म्हणू लागली.

एका दुपारी पाहिले, तो नळीत अंडी नव्हती. एकसुद्धा नाही. राणी एकटीच कापसाला टेकून उभी होती.

दोन दिवस मी ते कोणाला सांगितले नाही. तिसऱ्या रात्री फोनवर रडूच फुटले. पलीकडे ती जराशी थांबली. “तिनंच खाल्ली असतील, आई. सारखं हललं, उजेड आला, की तिला वाटतं इथं धोका आहे. मग ती अंडी खाऊन टाकते. तुझी काळजी तिला कळत नाही गं. तिला फक्त उजेड दिसतो.”

ती राणीबद्दलच बोलत होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला नाही. रात्रीही केला नाही. तो दिवस कसा गेला, ते माझे मला ठाऊक.

माझी ती अवस्था पाहून आमच्या ह्यांनी सर जॉन लबक यांना घरात आणले. ह्यांची उभी हयात बँकेत गेली आणि लबकही लंडनचे बँकवाले. इंग्लंडात १८७१ साली बँकांच्या सुट्यांचा कायदा आणला तो त्यांनीच. हे गृहस्थ काचेच्या तावदानांमध्ये माती भरून मुंग्या पाळत आणि १८८२ साली त्यांनी मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांची एक राणी सुमारे १५ वर्षे जगली. “बँकेच्या माणसाला सुटी मिळाली, की तो हेच करतो बघ,” हे म्हणाले. पुढे युरोपातच एकाने पाळलेली काळ्या बागमुंगीची राणी २८ वर्षांहून अधिक जगली, हे त्यांनी वाचून दाखवले, तेव्हा मी मनात आमची वये मोजली आणि गप्प बसले.

हा छंद साहेबाच्या देशातलाच, असेही नाही. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात रॉटन नावाच्या वनाधिकाऱ्याने १८९२ सालीच इथल्या मुंग्यांवर लेखमाला लिहिली. मथळा होता ‘आपल्या मुंग्या’! तो ‘आपल्या’ शब्द मला फार आवडला. आपल्याच पाळाव्यात. परदेशी मुंगी सुटली, तर इथल्या मुंग्यांच्या मुळावर यायची. हौसेचा बाजार किती वाढला आहे, ते २०२५ साली दिसले. केनियात सुमारे ५००० मुंग्या नळ्यांत भरून नेऊ पाहणाऱ्या दोन बेल्जियन पोरांना जबर दंड झाला. जिन्यात सापडलेली एक राणी पुष्कळ झाली.

जुलैच्या अखेरीस अंडी पुन्हा दिसली. आता मी रविवारीच खण उघडत होते, घड्याळ लावून. अंड्यांच्या अळ्या झाल्या, अळ्यांचे कोश झाले. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पाहते, तो दोन मुंग्या! पहिल्या बाळंतपणाच्या लेकी चणीने लहानच असतात. आईजवळ तेवढेच असते ना द्यायला. मी काडीच्या टोकाने साखरपाण्याचा एक थेंब ठेवला. एक लेक आली, पोटभर प्याली, मागे वळली आणि आईच्या तोंडाला तोंड लावून तिने तो घास तिला भरवला. तीन महिन्यांच्या उपासानंतरचा तो पहिला घास!

आता त्या अकरा आहेत. साखरपाण्याबरोबर आठवड्यातून एक-दोनदा हाताने मारलेला डास लागतो. फवाऱ्याने मेलेला चालत नाही. मोठे घर द्यायची घाई करायची नाही. रिकाम्या जागेत त्या केर साठवतात. विसाच्या पुढे गेल्या, की नळी एका डबीत उघडायची. डबीच्या आतल्या कडेला टाल्कम पावडर स्पिरिटात कालवून फासायची, की वाळल्यावर त्यांचे पाय घसरतात. डबी मी तयार ठेवली आहे. आत साखरेचा थेंब, कडेला पावडरीची रेघ. सासूबाईंचे दोन्ही धडे शेवटी एका डबीत मावले.

काल रात्री फोन वाजला. हल्ली तीच करते. धनत्रयोदशीला पोहोचते म्हणाली. मग आपण होऊन सांगू लागली, की जुलैत तिला आठ दिवस ताप होता, मी घाबरेन म्हणून बोलली नाही.

“आता बरी आहेस ना?” एवढेच मी विचारले.

“हो. आई, मी येईपर्यंत नळी डबीत उघडू नकोस हं!”

नाही उघडणार. रविवारी अर्धा मिनिट बघेन, तेवढेच.